एकेका मेंढराचा हिशेब

ख्रिस्ती घरांत भिंतीवर हमखास आढळणारे एक चित्र आहे. पांढऱ्या झग्यातला येशू, खांद्यावर कोकरू, मागे दाट हिरवे कुरण आणि संथ नदी. चित्र प्रेमाने लावलेले असते, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्यातले कुरण बायबलच्या मुलखातले नाही, आणि त्यामुळे देवाला मेंढपाळ म्हणताना बायबलला काय सांगायचे आहे, ते हातून निसटते. बायबलमधला मेंढपाळ हा आधी एक राबणारा माणूस आहे. त्याच्या ताब्यात बहुतेक वेळा दुसऱ्याची जनावरे असतात आणि प्रत्येक डोक्याचा हिशेब त्याला द्यावा लागतो. देवाच्या काळजीची सगळी कल्पना या कामावर उभी आहे. म्हणून आधी ते काम पाहू.

दावीदाचे गाव बेथलेहेम डोंगराच्या कण्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७७५ मीटर उंचीवर वसले आहे. तिथून पूर्वेला चालू लागले की जमीन उतरत उतरत मृत समुद्राला भिडते, आणि मृत समुद्राचे पाणी समुद्रसपाटीच्याही ४३० मीटरहून अधिक खाली आहे. एवढा उतार पंचवीसेक किलोमीटरांत. भूमध्य समुद्रावरून येणारे ढग डोंगराच्या पश्चिम अंगावर मोकळे होतात, पूर्वेच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. यरुशलेमला वर्षाकाठी ५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मृत समुद्राच्या काठी १०० मिलिमीटरही नाही. महाबळेश्वरहून माणदेशात उतरलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगायला नको.

पाऊस पडतो तो हिवाळ्यात. तो येऊन गेला की काही आठवडे उतारांवर विरळ, कोवळे गवत दिसते. उन्हाळा लागला की करपते. आज हिरवळ कोणत्या अंगाला आहे हे ठाऊक असणारा माणूस बरोबर लागतो. पाण्याचेही तसेच. ओढे वर्षातला बराच काळ कोरडे, पण दूर डोंगरात जोराची सर कोसळली की निरभ्र आकाशाखाली त्याच ओढ्याला लोंढा येतो. म्हणून मेंढपाळ विहीर गाठतो, खडकात खोदलेले टाके गाठतो किंवा ओढ्यात साचलेला शांत डोह. तिथल्या मेंढीचे शेपूट रुंद आणि चरबीने भरलेले असते. टंचाईच्या महिन्यांत ती त्या चरबीवर निभावून नेते. लेवीय पुस्तकातल्या अर्पणाच्या नियमांत या शेपटाचा वेगळा उल्लेख आहे. स्तोत्र २३ मधली हिरवी कुरणे आणि संथ पाणी अशा कोरड्या मुलखातली आहेत. ती कोणीतरी शोधून काढलेली आहेत.

शोधून काढल्यावर तिथवर न्यायचे, तेही कळपाच्या चालीने. उत्पत्तीच्या ३३व्या अध्यायात याकोब आपला भाऊ एसाव याला सांगतो की तू पुढे हो, मी मागून सावकाश येतो. माझ्याकडे पाजणाऱ्या मेंढ्या आहेत, एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सगळा कळप मरेल. वेग ठरतो तो सर्वांत दुबळ्या जनावरावरून. यशयाने देवाचे वर्णन करताना हेच उचलले आहे: कोकरांना तो उराशी घेतो आणि पाजणाऱ्यांना जपून नेतो.

आता हिशेबाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे.

याकोबाने आपला मामा आणि सासरा लाबान याच्याकडे वीस वर्षे काढली. निघताना दोघांचे कडाक्याचे भांडण झाले. उत्पत्ती ३१ मध्ये याकोब आपल्या चाकरीचा पाढा वाचतो: दिवसा उन्हाने जाळले, रात्री थंडीने गारठवले, डोळ्याला डोळा लागला नाही, तुझ्या मेंढ्या गाभडल्या नाहीत, तुझे एडके मी मारून खाल्ले नाहीत, रानटी जनावराने फाडलेले मेंढरू तुझ्यापुढे आणून टाकले नाही, ते नुकसान मी सोसले. यातल्या शेवटच्या मुद्द्याचे वजन कळण्यासाठी निर्गम पुस्तकाच्या २२व्या अध्यायातला नियम माहीत हवा. राखायला दिलेले जनावर चोरीला गेले तर राखणाऱ्याने भरपाई द्यायची. पण श्वापदाने फाडले असेल तर फाडलेल्या जनावराचे उरलेसुरले पुरावा म्हणून आणून दाखवायचे. पुरावा दाखवला की भरपाई माफ.

आमोस संदेष्ट्याचे एक वाक्य या नियमाशिवाय उलगडत नाही. आमोस तकोवाचा, म्हणजे बेथलेहेमच्या दक्षिणेला काही किलोमीटरवरचा, स्वतः मेंढरांत वाढलेला. तो म्हणतो, मेंढपाळ सिंहाच्या जबड्यातून दोन तंगड्या किंवा कानाचा तुकडा ओढून काढतो, इस्राएलची सुटका तशी होईल. वरवर वाचले तर हे धाडस वाटते. प्रत्यक्षात मेंढरू केव्हाच मेलेले आहे. मेंढपाळ धडपडतो आहे ती कान मिळवण्यासाठी, म्हणजे मालकाला दाखवता येईल आणि खिशाला चाट बसणार नाही. आमोसाचा इशारा भयंकर आहे तो यासाठी: तुमच्यातले उरेल ते पुराव्यापुरतेच उरेल.

पुढे इ. स. २०० च्या सुमारास यहुदी धर्मनियमांचे जे संकलन झाले, त्या मिश्नेत हा हिशेब आणखी बारकाईने मांडला आहे. पगारावर कळप राखणाऱ्याने कोणता हल्ला अटळ म्हणून सांगायचा? एक लांडगा आला तर ते अटळ संकट नाही. त्याला हाकलायलाच हवे. दोन लांडगे आले तर सबब मान्य. सिंह, अस्वल, बिबळ्या आला तरी सबब मान्य. माणसाकडून किती अपेक्षा ठेवायची याची रेघ कायद्याने इतकी स्वच्छ आखली होती. ही रेघ लक्षात ठेवावी, येशूच्या बोलण्याजवळ पोचल्यावर ती पुन्हा लागेल.

बायबलमध्ये देवाला प्रथम मेंढपाळ म्हटले गेले ते कोणाच्या तोंडून, हेही पाहण्यासारखे आहे. तो हाच याकोब. उत्पत्ती ४८ मध्ये म्हातारा याकोब योसेफाच्या मुलांना आशीर्वाद देतो आणि म्हणतो की जन्मापासून आजवर देवाने मला मेंढपाळासारखे सांभाळले. ज्याने वीस वर्षे थंडीवाऱ्यात झोपेचे खोबरे करून घेतले, भरपाई माफ असताना भरून दिली, त्या माणसाने हा शब्द देवासाठी वापरला आहे. त्याला त्याची किंमत ठाऊक होती.

दिवस मावळला की कळप मेंढवाड्याकडे वळतो. वाडा म्हणजे दगड रचून केलेली भिंत, वर काटेरी झुडपे, आत जायला एकच फट. लेवीय पुस्तकात आणि यिर्मयात या फटीतले दृश्य ओझरते दिसते: मेंढरे एकेक करून काठीखालून, मोजणाऱ्याच्या हाताखालून आत जातात. एका वेळी एकच जनावर जाऊ शकते, म्हणून मोजणी चुकत नाही. मोजता मोजता हात पाठीवरून फिरतो. कोण लंगडते आहे, कोणाच्या अंगात काटा मोडला आहे, कोणाची कास सुजली आहे, हे त्या एका क्षणात कळते. शंभरांतले एक कमी आहे, हेही इथेच कळायचे. दार नसलेल्या वाड्यात मेंढपाळ स्वतः त्या फटीत आडवा होऊन रात्र काढतो. योहान १० मध्ये येशू एकाच भाषणात स्वतःला मेंढपाळही म्हणतो आणि दारही म्हणतो, ते अनेक भाष्यकार या रीतीवरून उलगडतात.

सकाळी तो हाक देतो आणि पुढे चालू लागतो. त्याची मेंढरे मागे येतात, परक्याच्या हाकेला येत नाहीत. मेंढरू म्हणजे बिनडोक, ही समजूत आपल्याकडेही घट्ट आहे. केंब्रिजजवळच्या बाब्रहम संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की मेंढी आपल्या जातीचे पन्नास चेहरे दोन वर्षांहून अधिक काळ लक्षात ठेवते. योहानाच्या शुभवर्तमानातली मेंढरे आंधळेपणाने कोणाच्याही मागे जात नाहीत, ओळखीचा आवाज पारखून जातात. श्रद्धावंताला मेंढरू म्हणणे म्हणजे त्याची अक्कल काढणे, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

एवढे हाती आले की स्तोत्र २३ वाचायला वेगळाच आधार मिळतो. स्तोत्र सहाच ओव्यांचे आहे. पहिल्या तीनांत मेंढपाळ पुढे चालतो आहे: विसावा, पाणी, वाट. चौथीत अंधारी दरी येते. यरुशलेम आणि यरीहोच्या मध्ये वादी केल्ट नावाची घळ आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाशी चिंचोळी वाट. सेंट जॉर्जचा मठ तिथे कड्याला चिकटून उभा आहे. पुष्कळांच्या मते स्तोत्रकर्त्याच्या डोळ्यांपुढे असलीच जागा असावी. मला महत्त्वाचे वाटते ते हे की ही दरी चुकलेल्या वाटेवरची नाही. हिवाळ्यात डोंगरावर थंडी पडली की कळपाला यार्देनेच्या उबदार सखल भागात न्यायचे, आणि खाली उतरण्याच्या वाटा घळींतूनच जातात. मेंढपाळाने जाणूनबुजून, चारापाण्यासाठी, कळपाला तिथे आणलेले असते. आजारपणात किंवा मयतीच्या घरी हे स्तोत्र म्हणताना दरी टळेल असे आश्वासन त्यात कोणी शोधू नये, कारण ते तिथे नाही. तिथे आहे ती सोबत, आणि सोबत करणाऱ्याच्या हातातली दोन अवजारे: श्वापदाला हाणायचा आखूड सोटा आणि चढउतारावर आधार देणारी लांब काठी. तरुण दावीद शौल राजाला सांगतो की सिंह आणि अस्वल कोकरू उचलून नेत, तेव्हा त्यांच्यामागे धावून मी ते तोंडातून सोडवले आहे. कायद्याने सिंहाची सबब चालली असती. दावीद सबबीवर थांबला नाही.

पाचव्या ओवीत देखावा पालटतो. ताट वाढलेले आहे, डोक्याला तेल लावले आहे, शत्रू बाहेरून पाहत आहेत. काही भाष्यकार इथेही मेंढरूच पाहतात आणि तेल जखमेवरचे समजतात. मला यजमान आणि पाहुणा हा अर्थ अधिक पटतो. वाळवंटात जीव घेऊन पळणारा माणूस एकदा कोणाच्या तंबूत जेवला की त्याच्या केसाला धक्का लागू न देणे ही यजमानाची जबाबदारी. म्हणजे रूपक बदलले तरी मुद्दा तोच राहतो: ज्याच्या ताब्यात तुम्ही आहात, तो तुमच्यासाठी जबाब देणार.

मेंढपाळ ही उपमा इस्राएलची एकट्याची नव्हती. बाबिलोनच्या हम्मुराबीने आपल्या कायद्याच्या प्रस्तावनेत स्वतःला प्रजेचा मेंढपाळ म्हणवले आहे. मिसरचे फारो हातात मेंढपाळाची आकडी धरून मिरवत. राजे हे बिरुद आपणहून लावून घेत. बायबलचे वेगळेपण असे की तिथे या बिरुदाचा जाब विचारला जातो, आणि सर्वांत कडक जाब यहेज्केलच्या ३४व्या अध्यायात आहे.

यहेज्केल इ. स. पू. ५९७ मध्ये बंदिवान म्हणून बाबिलोनला नेला गेला. राज्य बुडाले, मंदिर पडले, लोक पांगले. तेव्हा तो देवाच्या वतीने मेंढपाळांवर, म्हणजे राजे आणि पुढाऱ्यांवर, आरोपपत्र ठेवतो. चरबी तुम्ही खाल्ली, लोकर तुम्ही पांघरली, धष्टपुष्ट मेंढरे कापली. दुबळ्याला बळ दिले नाही, आजाऱ्याला औषध केले नाही, मोडलेले बांधले नाही, भरकटलेले परत आणले नाही, हरवलेले शोधले नाही. उलट दांडगाई केली. मग निकाल: यांच्याकडून कळप काढून घेतला आहे. आणि पुढे जे येते ते त्या काळच्या कुठल्याही राजाच्या शिलालेखात सापडणार नाही. कळपाचा मालक म्हणतो, आता मी स्वतः हे काम करतो. हरवलेले मी शोधीन, मोडलेले मी बांधीन. देव मेंढपाळ आहे हे विधान इथे नेमलेल्या माणसांना कामावरून काढल्याच्या हुकुमातून आले आहे.

याच अध्यायाचा उत्तरार्ध प्रवचनांत क्वचित ऐकू येतो. तिथे देव मेंढरांकडेही वळतो. जाडजूड मेंढरे आधी स्वतः चांगले चरतात आणि उरलेले गवत पायाखाली तुडवतात. स्वच्छ पाणी पितात आणि उरलेले खुरांनी गढूळ करतात. दुबळ्यांना कुशीने आणि खांद्याने ढकलून बाहेर काढतात. मेंढरा-मेंढरांतही न्याय होणार, असे यहेज्केल बजावतो. दोष पुढाऱ्यांच्या माथी मारून मंडळीतल्या बाकीच्यांना मोकळे होता येत नाही.

येशू योहान १० मध्ये स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानांत यहेज्केल असणार. त्याआधी नवव्या अध्यायात काय घडले आहे? जन्मांध माणसाला दृष्टी आली, तो आपल्याला बरे करणाऱ्याबद्दल खरे बोलला, म्हणून धर्मपुढाऱ्यांनी त्याला हाकलून दिले. येशूच्या कानावर हे जाताच तो त्या माणसाला शोधून काढतो, आणि लगोलग मेंढवाड्याची गोष्ट सुरू होते. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे. ती बाजूला ठेवून सलग वाचले तर हाकलून दिलेल्या मेंढराचा आणि त्याला शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा प्रसंग आपल्यासमोर नुकताच घडून गेलेला दिसतो.

त्या भाषणात मोलकरी येतो. लांडगा दिसताच तो पळ काढतो, कारण मेंढरे त्याची नव्हेत. लांडगा एक आहे, म्हणजे मिश्नेच्या रेघेनुसार पळून जाण्याची सबब मोलकऱ्याला नाही. पण मेंढपाळ आपला प्राण देतो, ही अपेक्षा तर कोणत्याच रेघेत बसत नाही. कायदा कानाच्या तुकड्यावर सोडून देत होता. मेंढरासाठी मरा असे कोणत्याही मालकाने कधी कोणाला सांगितले नव्हते. ख्रिस्ती श्रद्धा वधस्तंभाकडे पाहते ती या जागेवरून: हिशेब द्यायची वेळ आली तेव्हा या मेंढपाळाने पुरावा दाखवला नाही, स्वतःला पुढे केले.

हरवलेल्या मेंढराचा दाखला लूक १५ मध्ये आहे, आणि तोही एका कुरबुरीचे उत्तर म्हणून. जकातदार आणि पापी लोकांच्या पंक्तीला हा बसतो, अशी तक्रार होती. नव्व्याण्णव रानात ठेवून एकामागे जाणारा मेंढपाळ मेंढरू सापडल्यावर ते खांद्यावर घेतो. कळपापासून तुटलेले, भेदरलेले जनावर जागचे हलत नाही. पूर्ण वाढलेली मेंढी चाळीस किलोच्या आसपास भरते आणि वाट चढणीची. पहिल्या ख्रिस्ती लोकांना हे दृश्य फार जवळचे वाटले. रोमच्या प्रिसिला भुयारी दफनभूमीत आणि फरात नदीकाठच्या दुरा-युरोपस इथे सापडलेल्या, इ. स. २५६ पूर्वीच्या घरातल्या प्रार्थनास्थळात, बाप्तिस्म्याच्या कुंडावर, दोन्हीकडे हाच खांद्यावर मेंढरू घेतलेला बिनदाढीचा तरुण रंगवलेला आहे.

पुनरुत्थानानंतर येशू हे काम माणसांकडे सोपवतो. ज्याने तीनदा ओळख नाकारली, त्या पेत्राला तो तीनदा सांगतो की माझ्या मेंढरांना सांभाळ. मेंढरे 'माझी', काम तुझे. पेत्राच्या नावावरच्या पहिल्या पत्रात वडीलधाऱ्यांना ताकीद आहे: पैशाच्या लोभाने नको, धनीपणा गाजवून नको, कारण मुख्य मेंढपाळ येणार आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात पुढाऱ्यांना जिवांचा हिशेब द्यावा लागेल असे म्हटले आहे. बिशपच्या हातातली आकडी आणि आर्चबिशपच्या खांद्यावरचा कोकराच्या लोकरीचा पट्टा त्या हिशेबाची आठवण देतात. आपल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत तर हुद्द्याचेच नाव पाळक.

पण हे काम हुद्द्याला बांधलेले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या, दलालांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुली व विधवा त्यांनी शेकड्यांनी केडगावला आणल्या. त्यांना कोणी पाळकाची दीक्षा दिलेली नव्हती. याच बाईंनी मूळ भाषांवरून बायबल सोप्या मराठीत आणले आणि १९२२ मध्ये जगाचा निरोप घेण्याआधी ते काम हातावेगळे केले. यहेज्केलच्या आरोपपत्रातले प्रत्येक कलम उलटे करून पाहावे, केडगावचे काम दिसेल.

त्याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरणही सांगितले पाहिजे. डब्लिनच्या आर्चडायोसिसमधल्या बालकांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. गुप्तता, बदनामी टाळणे, चर्चची मालमत्ता आणि नाव वाचवणे यांना तिथे प्राधान्य मिळत होते आणि मुलांचा विचार त्यामागे पडला होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. लोकर पांघरली आणि हरवलेले शोधले नाही, हे यहेज्केलने लिहिले त्याला अडीच हजार वर्षे झाली. अशा वेळी मेंढरांनी गप्प राहावे, असे बायबल कुठेही सांगत नाही.

कॅथलिक चर्चमध्ये ईस्टरकाळाचा चौथा रविवार उत्तम मेंढपाळाचा रविवार म्हणून पाळतात. त्या दिवशी स्तोत्र २३ बरोबर घरी यहेज्केल ३४ ही मोठ्याने वाचा, संपूर्ण, गढूळ पाण्याच्या भागासकट. आणि ज्यांच्याकडे पाळकपण, पंचमंडळींचे काम किंवा धर्मग्रामातली जबाबदारी आहे त्यांना विनंती: या आठवड्यात मंडळीची यादी काढा, एकेक नाव वाचा, बरेच दिवस न दिसलेली नावे वेगळी लिहा आणि त्या घरांना भेट देऊन या.